झिजलेल्या पुलीचं माप

गाड्यांची मागणी घटली की चाकणच्या कंपन्या चार-पाच दिवस काम बंद ठेवतात. त्याला ब्लॉक क्लोजर म्हणतात. यंदा तो नेमका चैत्राच्या शेवटी आला, आणि त्याच आठवड्यात चिंचवडच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक सूचना लागली. 'गच्चीवर वाळवणं घालू नयेत. सोलर पॅनेलवर साबुदाण्याच्या पापड्या आढळल्या आहेत.' खाली सेक्रेटरींची सही. मी क्वालिटी विभागात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामाला नकार देणं हीच माझी नोकरी, त्यामुळे दुसऱ्यानं लिहिलेला नकार मला सहसा आवडतो. हा आवडला नाही. त्याच संध्याकाळी मी दोन किलो गहू भिजत घातले.

कुरडया आता विकत मिळतात, आणि चांगल्या मिळतात. हे मला घरातल्या प्रत्येकानं एकदा सांगून झालं. पण पाच दिवस घरी बसायचं, आणि बाहेर हे असं ऊन. आमच्या लहानपणी असं ऊन कोणी वाया जाऊ देत नसे. तीन दिवस पाणी बदलत गहू भिजवले, वाटले, चीक गाळला आणि चौथ्या दिवशी सकाळी तो पातेल्यात शिजायला लागला. शिजत्या चिकाचा एक आंबूस, जड वास असतो. तो हॉल ओलांडून आण्णांच्या खोलीत गेला.

आण्णा म्हणजे माझे वडील. एक्क्याऐंशी वर्षांचे. चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंडाला आकार द्यायचा. भिंतीला हात लावत लावत ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, खायला मागतील. गरम चिकात तूप आणि साखर घालून खाणं ही त्यांची जुनी सवय.

"तुझ्या आईचा आवाज हाय बघ त्या कॅसेटीत," ते म्हणाले.

"कुठल्या?"

"जाचाच्या. मी सारखा पळवायचो तो. एकदा ऐकव की मला."

आईला जाऊन अकरा वर्षं झाली. तिचे फोटो आहेत, माझ्या लग्नातली एक मुकी चित्रफीत आहे, पण आवाज कुठेच नाही. असलाच तर त्या कॅसेटमध्ये, दोन-अडीच मिनिटांचा. हे मला माहीत होतं. आण्णा ते विसरले असावेत अशी माझी चाळीस वर्षांची आशा होती. त्याचं कारण त्या कॅसेटमध्येच होतं.

*

तेव्हा आम्ही दापोडीत राहायचो. रेल्वेलाइनच्या बाजूच्या गल्लीत, घरमालकाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि समोर त्याचीच गच्ची. आण्णा मूळचे राजगुरुनगरच्या बाजूच्या एका गावचे. गावी भजनात टाळ वाजवण्यापलीकडे त्यांचा संगीताशी संबंध नव्हता. मग कंपनीत एक नवं मशीन आलं आणि ते बसवून द्यायला एक जर्मन इंजिनिअर आला. आण्णा दोन महिने त्याच्या हाताखाली होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, माप मात्र दोघांनाही कळत होतं, तेवढ्यावर त्यांचं छान जमलं. जाताना त्यानं आण्णांना आपल्या खिशातली एक कॅसेट दिली. वर कुणाचं नाव नाही, गाव नाही. पेनानं इंग्रजीत नुसतं 'जॅझ' लिहिलेलं.

आण्णांनी ती घरी आणून टेपरेकॉर्डरवर लावली. आईनं पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "काय म्हनत्यात ह्याला?"

"जाझ."

"जाचच हाय," आई म्हणाली, आणि कणीक मळायला गेली.

तेव्हापासून आमच्या घरात त्या संगीताचं नाव जाच. आण्णा पहिली पाळी करून साडेतीन-चारला यायचे, कपडे धुवायच्या पावडरीनं हात धुवायचे, तरी त्यांच्या बोटांना मशीनवरच्या त्या पांढऱ्या तेलपाण्याचा वास असायचाच. मग लोखंडी खुर्चीवर बसून ते जाच लावायचे. आई आतून ओरडायची, "आला का जाच?" हे रोजचं होतं. तक्रार होती, पण भांडण नव्हतं.

त्या कॅसेटवर एक ट्रम्पेटवाला होता. तो आधी सरळ एक चाल वाजवायचा, मग ती सोडून भलतीकडेच जायचा. आठ-नऊ वर्षांच्या मला त्यातलं काही कळत नव्हतं. आण्णा समजावून सांगायचे. "हा बघ, घरातनं निघाला. आता गल्लीबोळातनं हिंडतोय. पन पत्ता न्हाई इसरला. बघ आता, बरोब्बर दारात येतोय." आणि खरंच तो यायचा. पुढे मी जॅझवर पुष्कळ वाचलं, पुष्कळ ऐकलं, पण आण्णांच्या या चार वाक्यांपेक्षा उपयोगी असं फार काही मला सापडलं नाही.

*

आता त्या टेपरेकॉर्डरबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर येऊन थांबतं. त्याच्या आत एक छोटी मोटर असते. मोटरच्या टोकाला एक पुली, म्हणजे खोबणीचं चाक, हरभऱ्याएवढं. त्या पुलीवरून एक रबरी पट्टा जातो आणि तो कॅसेट फिरवतो. आमची पुली प्लॅस्टिकची होती, ती एक दिवस तडकली. दुरुस्तीवाला म्हणाला, मिळायला पंधरा दिवस लागतील. आण्णांना हा अपमान वाटला. ज्या माणसाच्या हाताखालून रोज शंभर पार्ट जातात त्यानं हरभऱ्याएवढ्या चाकासाठी पंधरा दिवस थांबायचं? त्यांनी तडकलेली पुली रुमालात बांधून कंपनीत नेली, मायक्रोमीटरनं मोजली आणि जेवणाच्या सुट्टीत पितळेची नवी पुली लेथवर काढून आणली. अत्यंत देखणी. ती बसवण्याआधी त्यांनी सगळ्या गल्लीला दाखवली.

मापात केसाचीही चूक नव्हती. चूक एवढीच होती की, ज्या पुलीचं माप घेतलं ती दहा वर्षं पट्टा घासून झिजलेली होती. झिजलेल्या वस्तूची त्यांनी तंतोतंत नक्कल केली. पुली लहान, म्हणून कॅसेट हळू फिरणार. आणि पितळ असल्यामुळे ती आता कायम तेवढीच राहणार.

त्या दिवसापासून आमच्या घरातली सगळी गाणी सावकाश झाली. गायिका वयस्क झाल्या, गायक सर्दी झाल्यासारखे. जुन्या सिनेमांची गाणी आधीच निवांत, ती आणखी निवांत झाली. आम्हाला पत्ताच नव्हता. रेडिओवर तेच गाणं लागलं की ते पळाल्यासारखं वाटायचं. मी आण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "रेडिओवाल्यांना जाहिराती लावायच्या आसत्यात, म्हून घाई. कॅसेट ओरिजिनल. ओरिजिनल सावकाशच आसतं." गंमत म्हणजे रेडिओवरून आम्ही त्याच मशीनवर भरून घेतलेली गाणी बरोबर वाजायची. हळू भरली, हळूच वाजली, हिशेब जुळला. या गोष्टीचा विचार मात्र आमच्यापैकी कुणीही केला नाही.

शाळेच्या गॅदरिंगला मी एक जुनं गाणं म्हणायला उभी राहिले. पेटीवर आमचे गायनाचे सर. त्यांनी मूळ रेकॉर्डच्या सुरात पेटी धरली, काळी दोन. मी आपली घरच्या सुरात लागले, काळी एक. सर थांबले, मला सूर दिला, मी पुन्हा खाली. वर माझी लय अशी की तबलेवाला माझी वाट बघत बसलेला. मुलं हसली. घरी येऊन मी रडले, तर आई म्हणाली, "त्यांना यीत न्हाई. आपली टेप का खोटी हाय?"

टेप खोटी होती हे मला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी कळलं. मोजमापाच्या तासाला शिकवत होते की, जुना भाग मोजून नवा बनवताना झीज धरावी लागते. ऐकता ऐकता मला एकदम आमची पुली आठवली आणि मी वर्गात मोठ्यानं हसले. घरी जाऊन ते आण्णांना सांगितलं. सांगायला नको होतं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नवी काढून आनतो. बरोबर मापाची."

आई भांडी घासत होती, तिथूनच म्हणाली, "काय गरज न्हाई. मला गानी आशीच पाठ झाल्यात. आता परत कुठं शिकत बसू?"

आमच्या कंपनीत एखादा भाग मापात नसला, पण बसतोय, चालतोय, असं दिसलं तर एक फॉर्म भरून तो स्वीकारतात. त्याला 'डेव्हिएशनखाली पास' म्हणतात. आईनं ती पुली अशी पास केली. मी आजवर भरलेल्या सगळ्या डेव्हिएशन फॉर्मांपेक्षा तिचं ते एक वाक्य मला जास्त नेमकं वाटतं.

*

आता लाल बटणाचं.

मी नऊ वर्षांची होते. असाच चैत्र-वैशाखातला दिवस, आण्णा पहिल्या पाळीला गेलेले. गच्चीवर आई आणि शेजारच्या काकू कुरडया घालत होत्या. आई सोऱ्या दाबायची, काकू धोतराच्या जुन्या पानावर ओळ धरायच्या, मी आतून चिकाचं पातेलं आणायचे आणि येता-जाता पातेल्यात बोट बुडवायचे. टेप खोलीत दाराजवळ स्टुलावर होता. त्यावर जाचाची कॅसेट चालू होती. आईनंच मला ती लावायला सांगितली होती. त्या वेळी मला ते विचित्र वाटलं नाही. लहानपणी मोठ्यांची कुठलीच गोष्ट विचित्र वाटत नाही.

काकू म्हणाल्या, आवाज कमी कर गं पोरी. मी चिकानं भरलेल्या हातानं आवाजाच्या चाकाकडे गेले आणि माझं बोट घसरून लाल बटणावर पडलं. लाल बटण म्हणजे रेकॉर्डिंग. ट्रम्पेटवाला गल्लीबोळात हिंडत होता, तो तिथल्या तिथे गप्प झाला. मी थिजले. मग आईनं मला हात धुऊन यायला पाठवलं, मी धुतले, येऊन टेप बंद केला. तोपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. आण्णांच्या ट्रम्पेटच्या जागी अडीच मिनिटं आमची गच्ची भरली गेली.

संध्याकाळी आण्णांनी कॅसेट लावली. ट्रम्पेट निघाला, हिंडायला लागला आणि टक् असा आवाज होऊन त्यात आई बोलली, "आगं, बंद का पडलं?" आण्णांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. त्यांनी पुढे ऐकलंच नाही. कॅसेट पळवली, ट्रम्पेट परत आला तिथे थांबवली आणि विचारलं, "कुनी केलं?"

"माझा हात लागला," आई म्हणाली.

मी दाराआड उभी होते. बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

आण्णांनी आईला मारलं वगैरे नाही, ते तसे नव्हते. पण ते जे बोलले ते वाईट होतं. तुला काय कळतंय त्यातलं, तुला ते जाच वाटतंय म्हणून मुद्दाम केलंस, इथपर्यंत बोलले. आणि शेवटी, "ह्याच्यापुढं माझ्या मशिनला हात लावायचा न्हाई." मग त्यांनी कॅसेटच्या पाठीवरची ती छोटी प्लॅस्टिकची टिकली स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाकली. ती मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही, लाल बटण दाबलंच जात नाही.

आईनं तो शब्द पाळला. आण्णा विसरून गेले असतील, ती विसरली नाही. पुढची तीस वर्षं टेप बंद करायचा झाला तर ती भिंतीवरचं बटण बंद करायची, मशीनला बोट लावायची नाही. नातेवाइकांना ती सवय विनोदी वाटायची. मला तिचं कारण माहीत होतं. मी नोकरीला लागले, लग्न झालं, आईला कॅन्सर झाला, ती गेली. सांगायची वेळ रोज येत होती आणि रोज जात होती.

*

तर आण्णांना आता तो आवाज ऐकायचा होता.

आमचा जुना टेप माळ्यावर होता, पण त्याचा रबरी पट्टा वितळून आत डांबर झालं होतं. मी सोपा मार्ग घेतला. पिंपरीत एक जण जुन्या कॅसेटी मोबाइलवर घेऊन देतो, त्याच्याकडे गेले. त्यानं चांगल्या मशीनवर कॅसेट लावली, तासाभरात फाइल दिली. गाडीत बसून मी एकटीनं ती ऐकली. आईचं पहिलं वाक्य आलं आणि मी दचकले. हा आवाज बारीक होता, घाईचा होता, कुणातरी कॉलेजच्या मुलीचा वाटत होता. पण शब्द कळत होते. पुढे माझा नऊ वर्षांचा आवाज, चिमणीसारखा. मग आई माझ्याशी जे बोलली ते. ते बोलणं मला आठवत नव्हतं. त्यात सगळं होतं, बटण कुणी दाबलं तेही. शेवटी सोऱ्याची करकर आणि काहीतरी हूं-हूं, त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं.

घरी येऊन मी आण्णांसमोर फोन ठेवला. ट्रम्पेट सुरू झाला तसे ते म्हणाले, "घाईत हाय आज." मग टक्. "आगं, बंद का पडलं?"

"ही कोन?" आण्णा म्हणाले.

"आई, आण्णा."

"न्हाई. ही तुझी आई न्हाई. बंद कर."

मी बंद केलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

माझी मुलगी रेवा तिथेच होती. ती म्हणाली, "आजोबा, स्पीड कमी करता येतो. ॲप आहे."

"किती कमी?" मी विचारलं.

"हवा तेवढा."

हवा तेवढा म्हणजे किती, हे कुणाला माहीत होतं? तिनं थोडा कमी केला, आण्णा म्हणाले, ही तुझ्या आईची धाकटी बहीण. आणखी कमी केला, तर म्हणाले, हा बाप्या हाय. मधलं काहीतरी केलं, तर ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "जवळ हाय. पन न्हाई." मग ते उठून खोलीत गेले. जाताना मला म्हणाले, "आपली मशीन लाव की. तिच्यावर बोलली ती, तिच्यावरच येनार."

ते बरोबर होतं. झिजलेल्या मापावर भरलेला आवाज झिजलेल्या मापावरच खरा वाजणार. रेडिओच्या गाण्यांचा जो हिशेब तेव्हा कुणी केला नव्हता तो आण्णांनी एक्क्याऐंशीव्या वर्षी दोन वाक्यांत केला.

त्या रात्री मी विचार केला. मशीन चालू झालं नाही, असं सांगणं अगदी सोपं होतं. जुनी वस्तू, पट्टा मिळत नाही, त्यांनी ऐकून घेतलं असतं. आईचा आवाज त्यांना ऐकवायचा म्हणजे मी काय केलं तेही ऐकवायचं. दुसऱ्या दिवशी कुरडया बाल्कनीत पुन्हा उन्हात ठेवताना मी रेवाला पट्ट्याचं पाकीट मागवायला सांगितलं. ते आठवड्यानं आलं.

*

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मशीन उघडलं. आण्णांचे हात आता थरथरतात, म्हणून हात माझे आणि डोकं त्यांचं. वितळलेलं रबर कापसानं पुसून काढायला तासभर गेला. खाली ती पितळेची पुली निघाली, काळवंडलेली. मी सवयीनं पॉलिश पेपरचा तुकडा घेतला.

"ए! पुलीला हात लावू नको," आण्णा ओरडले. "आजून झिजवतीस का तिला?"

मी पेपर खाली ठेवला. स्पिरिटच्या फडक्यानं हलकेच पुसली. नवा पट्टा चढवला, कॅसेट घातली, बटण दाबलं. दोनदा घरघर झाली आणि ट्रम्पेट वाजला. सावकाश. जड. दापोडीचा. गेली कित्येक वर्षं मी चाकणला जाता-येता, ट्रॅफिकमध्ये अडकले की, हेच संगीत फोनवर ऐकते, उत्तम हेडफोन लावून, आणि दर वेळी मला वाटत आलंय की सगळे जण कुठेतरी जायच्या गडबडीत आहेत. इथे कुणाला कुठे जायचं नव्हतं. आण्णांनी तळहात स्पीकरवर ठेवला होता. ती जागा जवळ आली तशी त्यांची दुसऱ्या हाताची बोटं सवयीनं पळवायच्या बटणाकडे गेली. मग त्यांनी ती मागे घेतली आणि मांडीखाली दाबून धरली.

टक्.

"आगं, बंद का पडलं?"

आई होती. तीच. थोडी घोगरी, शब्दाच्या शेवटी आवाज सोडून देणारी. आण्णांनी डोळे मिटले.

"आई, लाल दाबलं गेलं."

"बगू. आगं बया, समदा चीक लावलास की."

"आण्णा मारतील."

"न्हाई मारत. मी सांगन मी दाबलं म्हून. तू गप ऱ्हा. जा, आधी हात धुऊन ये, मग बंद कर."

आण्णांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आजवर मी कितीतरी ऑडिट दिली असतील, कुणासमोर मला अशी भीती वाटली नव्हती. मी टेबलावरच्या वर्तमानपत्राकडे बघत राहिले. टेपमध्ये लांबून गाडीचा भोंगा वाजला. काकू म्हणाल्या, "बरं झालं बंद पडलं. नुसतं पें पें."

"ह्यांचा जाच हाय तो," आई म्हणाली.

मग सोऱ्याची करकर. आणि करकरीबरोबर ते हूं-हूं, फाइलमध्ये मी ज्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं ते. आता ते आईच्या आवाजात होतं, आईच्या चालीनं होतं, आणि ओळखू येत होतं. ट्रम्पेट जिथे तुटला होता तिथून तिनं तो उचलला होता. त्याच गल्लीबोळातून ती सावकाश हिंडली, दोन ठिकाणी सोऱ्या दाबायला थांबली, एका वळणावर थोडी चुकली आणि परत येऊन बरोबर दारात उभी राहिली. मग टक्, आणि पलीकडून खरा ट्रम्पेट आला. तो अजून वाटेतच होता.

मी मशीन थांबवलं.

"तिला समदं पाठ व्हतं," आण्णा म्हणाले. "आन् मी तिला मशिनला हात लावून दिला न्हाई."

"आण्णा, बटण मी दाबलं होतं. मी तेव्हा बोलले नाही."

"ऐकलं की आता." त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. माझेही भरून आले होते. कॅसेट बाहेर काढून त्यांनी तिच्या पाठीवरच्या त्या मोडक्या टिकलीच्या जागेवरून अंगठा फिरवला. रागानं मोडलेली ती टिकली शाबूत असती तर इतक्या वर्षांत कुणीतरी त्या जागी पुन्हा काही भरलं असतं, बहुधा ते स्वतःच, तो ट्रम्पेट कुठून तरी मिळवून. हे त्यांच्या लक्षात आलं होतं का, मी विचारलं नाही. त्यांनी कॅसेट माझ्याकडे दिली.

"मागं घे," ते म्हणाले. "पुन्यांदा लाव."

मी कॅसेट घातली आणि बटणाकडे हात नेला.

"थांब," आण्णा म्हणाले. "आधी हात धुऊन ये. चीक लागला आसंल."

माझ्या हाताला काही नव्हतं. कुरडया केव्हाच वाळून डब्यात गेल्या होत्या. मी उठले, हात धुऊन आले आणि कॅसेट मागे घेतली.